मामांचा बांध आणि टेकडी १७०३

मामांच्या घरी सोप्यात टीव्हीच्या वर खिळ्याला एक निळी टोपी अडकवलेली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ बसू नये म्हणून. मामा सैन्यातून सुभेदार होऊन रिटायर झाले आणि त्याच्या थोडं आधी वर्षभर काँगोला, गोमाच्या बाजूला, यूएनच्या मिशनवर होते, ती टोपी तिथली. गावात "मामा यूएनला होते" म्हटलं की निम्म्या लोकांना ते न्यूयॉर्कला होते असं वाटतं आणि मामांनी हा गैरसमज कधी दूर केलेला नाही.

लहानपणी नाही, चांगला कमवायला लागल्यावर मी एकदा त्यांना विचारलं होतं की तिथे नेमकं काय करायचा तुम्ही? तर म्हणाले, "करायचं काय, गाडी घेऊन गावाच्या तोंडाशी उभं ऱ्हायचं, रात्रभर लाइट लावून." मी म्हटलं, मग? "मग काय मग. सकाळी परत." मला वाटलं होतं काहीतरी थरारक ऐकायला मिळेल. त्यांच्या तोंडावरून मला वाटलं की त्यांनापण हे सांगताना जरा कमीपणा वाटतोय, म्हणजे कारगिलवाला शेजारी गोष्ट सांगतो तेव्हा पोरं गोल करून बसतात आणि मामांची गोष्ट काय, तर लाइट लावून उभा होतो.

पुढे २००७ साली सरकारची तंटामुक्त गाव मोहीम आली, गावोगावी समित्या झाल्या, आणि माजी सैनिक म्हणून मामांना अध्यक्ष केलं. ज्यांना ही मोहीम आठवत असेल त्यांना ती रजिस्टरं पण आठवत असतील, दिवाणी, महसुली, फौजदारी असे तंट्यांचे प्रकार, किती दाखल, किती मिटले. नवे तंटे होऊ नयेत म्हणून केलेल्या कामाला पण गुण होते म्हणे, पण ते लिहायचं कसं हा प्रश्नच होता. आमच्या गावात दोन चुलत भावांचा एक बांध होता. दरवर्षी नांगरटीला एकजण ट्रॅक्टरवाल्याला सांगून वीतभर बांध कोरायचा, दुसरा पुढच्या वर्षी दीड वीत. एकदा कोयता निघाला होता. मामांनी काय केलं, नांगरटीच्या दिवशी सकाळी सातला घरातली प्लास्टिकची खुर्ची नेली, बांधावर टाकली आणि पेपर वाचत बसले. बारापर्यंत. कुणाला काही बोलले नाहीत, समजावलं नाही, भाषण नाही. ट्रॅक्टरवाला आपोआप हातभर आतून वळायला लागला. असं चार वर्षं केलं. रजिस्टरमध्ये नोंद शून्य, कारण तंटाच झाला नाही तर लिहिणार काय.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मध्ये मी मॅसेडोनियाबद्दल बरंच वाचत होतो. (आता नॉर्थ मॅसेडोनिया. त्या नावाचं एक वेगळंच रामायण आहे, येतो त्याच्यावर.) सध्या कुठेही युद्ध सुरू झालं की फेसबुकवर एक वाक्य ठरलेलं असतं, यूएन काय झोपलीय का. मीपण ते लिहिलेलं आहे, खोटं कशाला बोला. आणि ते चूक आहे असंही नाही, १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथल्या अडीच हजारांच्या आसपास सैनिकांची संख्या २७० वर आणायचा ठराव केला होता, १९९५ मध्ये स्रेब्रेनिका हे यूएनने सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं गाव डच सैनिकांच्या डोळ्यादेखत पडलं आणि सुमारे आठ हजार पुरुष आणि पोरं मारली गेली. ही नावं विसरायची नाहीत. पण त्याच काळात, त्याच मोडलेल्या युगोस्लाव्हियात, बोस्नियापासून काही तासांच्या अंतरावर एक देश होता जिथे सगळ्यांना युद्ध होणार असं वाटत होतं आणि ते झालं नाही, आणि तिथे यूएनची माणसं आधीच जाऊन बसली होती. याबद्दल मात्र आपल्याला काही माहीत नसतं. मला तरी नव्हतं.

तर झालं असं. १९९१ ला युगोस्लाव्हिया फुटायला लागल्यावर मॅसेडोनिया सार्वमत घेऊन बाहेर पडला. वीस लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढा. युगोस्लाव्ह सैन्य १९९२ च्या मार्चमध्ये तिथून निघून गेलं, शांतपणे गेलं ही नशिबाची गोष्ट, पण जाताना जवळजवळ सगळी शस्त्रं घेऊन गेलं. उत्तरेला सर्बिया आणि त्यातलाच अल्बेनियन वस्तीचा, धुमसणारा कोसोवो प्रांत, पश्चिमेला अल्बानिया, दक्षिणेला ग्रीस ज्याला या देशाचं नावच मान्य नाही, आणि घरात दोन तृतीयांश मॅसेडोनियन, पाव भागाच्या आसपास अल्बेनियन वंशाचे लोक, ज्यांचं म्हणणं की आम्हाला इथे दुय्यम वागणूक मिळते. आता यात काडी कुठून पडेल सांगता येत नव्हतं, काड्याच काड्या होत्या.

राष्ट्राध्यक्ष होते किरो ग्लिगोरोव्ह, पंचाहत्तरीचे गृहस्थ, जुन्या राजवटीत मुरलेले. त्यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये यूएनला सांगितलं की आमच्याकडे माणसं पाठवा. भांडण सुरू व्हायच्या आधी! यूएनला याची सवयच नव्हती. यूएनचे सैनिक जायचे ते युद्ध होऊन, दमून, तह झाल्यावर मधल्या पट्ट्यात उभे राहायला. त्याच वर्षी जूनमध्ये सरचिटणीस बुट्रोस घाली यांनी एका अहवालात मांडलं होतं की धोका दिसतोय तिथे आधीच सैन्य पाठवता यायला हवं, पण ते कागदावर होतं. ११ डिसेंबर १९९२ ला सुरक्षा परिषदेने ठराव ७९५ करून होकार दिला, आणि जानेवारीत कॅनडाची एक कंपनी पोचलीसुद्धा. मग नॉर्वे, स्वीडन, फिनलंडकडचे लोक आले, त्या उन्हाळ्यात तीनशेच्या आसपास अमेरिकन सैनिक आले. (पहिली तुकडी पोचली त्या वेळी युगोस्लाव्हियातल्या यूएन फौजेचे प्रमुख आपले जनरल सतीश नंबियार होते, हे मला अगदी अलीकडे कळलं.) पुढे १९९५ मध्ये या मॅसेडोनियातल्या तुकडीला वेगळं नाव मिळालं, उनप्रेडेप. नावातच प्रिव्हेन्टिव्ह, म्हणजे प्रतिबंधात्मक, असलेली यूएनच्या इतिहासातली ही अशी एकमेव मोहीम.

आणि काम काय? बघायचं आणि कळवायचं. बस. सुमारे हजार सैनिक, हलकी हत्यारं, ४२० किलोमीटरची सरहद्द. २४ कायमच्या चौक्या, ३३ तात्पुरत्या, रोज चाळीसच्या आसपास गस्ती, डोंगरात, बर्फात, पायी. सर्बियाने रणगाडे घातले असते तर या हजार जणांनी काय केलं असतं? काही नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण घालणाऱ्याला बघितलं जातंय हे माहीत असणं, आणि ज्याच्यावरून जायचं त्यात अमेरिकेची पण पोरं आहेत हे माहीत असणं, याचं वजन वेगळं.

मला सगळ्यात आवडला तो भाग बांधाचा आहे. म्हणजे सरहद्दीचा. मॅसेडोनिया आणि सर्बिया हे इतकी वर्षं एकाच देशातले दोन प्रांत, त्यांच्यामधली रेष म्हणजे आपल्या सातारा-सांगलीसारखी, कुणी कधी मोजणी करून खुणेचे दगड रोवलेले नाहीत, मेंढरं इकडून तिकडे, सोयरीक इकडून तिकडे. आता ती अचानक आंतरराष्ट्रीय सीमा झाली आणि बेलग्रेड, म्हणजे सर्बियाचं सरकार, म्हणतं आम्हाला ही मान्यच नाही. मग गस्त घालायची कुठपर्यंत? तर यूएनच्या लोकांनी स्वतःपुरती एक रेष ठरवली, आमचे सैनिक याच्या उत्तरेला जाणार नाहीत. ती सीमा आहे असं कुणी म्हटलं नाही, कुणी सही केली नाही. पण हळूहळू दोन्हीकडचे सैनिक त्याच रेषेच्या हिशोबाने वागायला लागले. वहिवाट पडली, आपल्या भाषेत.

१९९४ च्या उन्हाळ्यात मग तो प्रसंग झाला. चुपिनो ब्रदो नावाची टेकडी, नकाशावर नंबर १७०३, म्हणजे तिची उंची. युगोस्लाव्ह सैनिक, म्हणजे आता सर्बियाकडचे, तिच्यावर चढून बसले. मॅसेडोनियाचं नवं कोरं सैन्य चिडलं, त्यांनीपण जमवाजमव सुरू केली. आता टेकडीवर काय आहे? काही नाही, गवत. पण बांधावर तरी काय असतं, चार बाभळी. यूएनचे अधिकारी दोन्हीकडे चकरा मारत राहिले, याला भेट, त्याला भेट, आणि शेवटी ते सैनिक खाली उतरले, इकडचे मागे सरकले आणि वर यूएनची माणसं जाऊन बसली. जगातल्या पेपरांत त्या दिवसांत बोस्निया आणि रवांडा. टेकडी १७०३ कुठे येणार.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते फक्त "खुर्ची न्हेली व्हती का" म्हणाले आणि हसले.

पण खरं सांगायचं तर सैनिक हा यातला निम्माच भाग होता. तिथे युरोपातली सुरक्षा आणि सहकार्याची संघटना, ओएससीई, सप्टेंबर १९९२ पासूनच बसली होती, यूएनच्या पण आधी. तिचे अल्पसंख्याकांसाठीचे उच्चायुक्त मॅक्स व्हान देर स्टूल, नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री, अत्यंत कंटाळवाणा म्हणावा असा माणूस, प्रेससमोर काही बोलायचे नाहीत, सारखे राजधानी स्कोपियेला येऊन मंत्र्यांना भेट, अल्बेनियन नेत्यांना भेट, पुन्हा परत. त्यांच्यासमोरचा एक मोठा प्रश्न विद्यापीठाचा. अल्बेनियन लोकांनी टेटोव्हो शहरात स्वतःच्या भाषेतलं विद्यापीठ काढलं, सरकार म्हणालं बेकायदेशीर, फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलीस घुसले, एक माणूस मेला. भाषेचा मुद्दा किती पेट घेतो हे बेळगावकडे नातेवाईक असलेल्यांना मी सांगायची गरज नाही. व्हान देर स्टूल यांनी वर्षानुवर्षं चिवटपणे दोन्ही बाजूंशी बोलत एक वाट काढली, त्याच टेटोव्होत अल्बेनियन, मॅसेडोनियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत शिकवणारं वेगळं विद्यापीठ, आणि ते २००१ मध्ये खरंच सुरू झालं. उनप्रेडेपचे प्रमुख पोलंडचे हेन्रिक सोकाल्स्की, १९९५ ते ९८, ते पण याच वळणाचे. पक्षांचे पुढारी एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना एका टेबलाशी बसवायचं, सामाजिक कामं काढायची, लोकांना एकत्र येण्याची कारणं द्यायची. याची बातमी कोण छापणार?

मधल्या काळात संकटं काय कमी आली? फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने नाकेबंदी केली, दीड वर्षाच्या वर चालली. ऑक्टोबर १९९५ मध्ये ग्लिगोरोव्ह यांची गाडी जाताना रस्त्यात बॉम्ब उडवला, ड्रायव्हर गेला, त्यांचा एक डोळा गेला, तरी म्हातारा परत कामावर. १९९७ ला शेजारी अल्बानियात त्या साखळी गुंतवणूक योजना बुडाल्या (हो, आपल्याकडच्या चिटफंडासारख्याच, पण निम्मा देश बुडाला), लोकांनी सैन्याची शस्त्रागारं फोडली आणि लाखो बंदुका घरोघरी गेल्या. त्या वेळी यूएन इथली माणसं कमी करायच्या बेतात होती, ते लगेच थांबवलं.

आणि आता येतो तो भाग जो वाचून मी खरंच लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जानेवारी १९९९. कोसोवो पेटलेला आहे. शेजारच्या घराला आग लागलेली असताना मॅसेडोनियाच्या नव्या सरकारने काय करावं? तर तैवानला मान्यता दिली. तैवानकडून भरपूर मदत आणि गुंतवणूक येईल म्हणून. ग्लिगोरोव्ह यांचा विरोध होता पण सरकार ऐकेना. चीनने संबंध तोडले. आणि २५ फेब्रुवारी १९९९ ला सुरक्षा परिषदेत उनप्रेडेपची मुदत वाढवायचा ठराव आला तेव्हा १३ देश बाजूने, रशिया तटस्थ, आणि चीनचा व्हेटो. कारण काय दिलं, तर म्हणे तिथली परिस्थिती स्थिर झालेली आहे, यूएनचा पैसा इतर ठिकाणी जास्त गरजेचा आहे. तैवानचा त नाही काढला. दोन वर्षांपूर्वी ग्वाटेमालाच्या निरीक्षकांवर याच कारणाने व्हेटो टाकला होता, तो दहा दिवसांत मागे घेतला. इथे नाही घेतला. २८ फेब्रुवारीला मुदत संपली. २४ मार्चला नाटोचे बॉम्ब सर्बियावर पडायला लागले आणि तीन लाखांहून जास्त निर्वासित त्या वीस लाखांच्या देशात शिरले.

परिस्थिती स्थिर आहे म्हणून माणसं काढायची! म्हणजे ताप नाही म्हणून थर्मामीटर विकून टाका. पण रागावून झाल्यावर विचार केला तर यात एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. चीनचं म्हणणं खोटं पाडणार कसं? सहा वर्षं काही झालं नाही हे खरंच होतं. ते यूएनमुळे झालं नाही, की तसंही होणार नव्हतं? सर्बियाचा अध्यक्ष मिलोसेविच बोस्नियात इतका अडकलेला होता की त्याला दक्षिणेत आणखी एक आघाडी उघडायची इच्छा होती की नाही कोण जाणे. १९९२ च्या नाताळात थोरल्या बुशने त्याला कोसोवोवरून तंबी दिली होती, तिचापण परिणाम असेल. ग्लिगोरोव्ह यांचा धूर्तपणा आहेच. मामांचंच बघा ना. पाचव्या वर्षी सरपंच बदलला, समिती नवीन झाली, मामांना काढलं. त्या वर्षी नांगरटीला बांधावर कुणी बसलं नाही. आणि काय झालं? काहीच नाही. ट्रॅक्टरवाला सवयीने हातभर आतूनच वळला. मामी म्हणाली, "बघा, उगं चार वर्षं उन्हात बसला." मामा काही बोलले नाहीत पण दोन दिवस जेवले नीट नाहीत असं मामीच नंतर आईला फोनवर म्हणाली.

मॅसेडोनियात मात्र झालं. लगेच नाही, दोन वर्षांनी. फेब्रुवारी २००१ मध्ये बेलग्रेड आणि स्कोपियेने शेवटी सीमेचा करार केला, बांधाला दगड लागले. आणि त्याच सुमारास त्या सीमेवरच्या तानुशेव्ची नावाच्या डोंगरातल्या अल्बेनियन गावात गोळीबार सुरू झाला, मग टेटोव्हो, मग कुमानोव्हो. अल्बेनियन बंडखोर विरुद्ध सरकार. काही महिने चाललं, लाखावर लोक घरं सोडून पळाले. जाणकार सांगतात की हे आतलं भांडण होतं, सीमेवरच्या चौक्यांनी थांबलं नसतं. असेल. पण बंदुका कोसोवोतून त्याच डोंगरवाटांनी आल्या जिथे आधी निळ्या टोपीवाले रोज पायी फिरत होते, आणि मला वाटतं की ते तिथे असते तर निदान कुणी जानेवारीतच कळवलं असतं. हे माझं मत, पुरावा माझ्याकडे नाही. आणि गंमत बघा, ऐन त्या धामधुमीत, जून २००१ मध्ये, मॅसेडोनियाने तैवानला सोडून परत चीनशी संबंध जोडले. ज्या पैशासाठी सगळं केलं ते काही आलं नाही त्या प्रमाणात.

ते युद्ध बोस्नियासारखं पसरलं नाही याचं कारण या वेळी युरोपीय संघ, नाटो, अमेरिका आणि ओएससीई सगळे एकदम धावले, बोस्नियात भाजून निघाले होते ना. १३ ऑगस्ट २००१ ला ओह्रिद करार झाला, ज्या भागात वीस टक्के किंवा जास्त लोक एखादी भाषा बोलतात तिथे तिला अधिकृत दर्जा वगैरे. नाटोने महिनाभरात बंडखोरांकडून ३,८०० च्या वर हत्यारं गोळा केली. आकडा मोजता आला, फोटो निघाले, सगळ्या चॅनलवर आलं.

आता ते नावाचं रामायण. ग्रीसचं म्हणणं मॅसेडोनिया हे आमच्या प्रांताचं नाव, अलेक्झांडर आमचा. म्हणून १९९३ मध्ये यूएनमध्ये घेतलं ते "माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया" अशा नावाने, आणि आमसभेत त्यांना बसवलं कुठे, तर इंग्रजीतल्या टी खाली, थायलंडच्या शेजारी, कारण नाव "द फॉर्मर" पासून सुरू होतं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! पण दोघांचं समाधान, म्हणजे दोघांचं सारखं असमाधान. शेवटी २०१८ मध्ये प्रेस्पा करार झाला आणि २०१९ पासून नॉर्थ मॅसेडोनिया. नामांतर नाही, नामविस्तार म्हणायला पाहिजे, आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये झाला तसा, आणि त्याच्या आधी आपण सोळा-सतरा वर्षं काय काय बघितलं, किती घरं जळली, हे आठवलं की नावासाठी पंचवीस वर्षं नुसतं बोलत राहिलेल्या लोकांना हात जोडावेसे वाटतात.

या बोलण्यात शेवटपर्यंत मध्यस्थ होते मॅथ्यू निमेट्झ नावाचे अमेरिकन वकील. आधी अमेरिकेतर्फे, मग यूएनतर्फे, १९९४ पासून करार होईपर्यंत तोच एक विषय. मानधन वर्षाला एक डॉलर.

मागच्या दिवाळीत मी मामांना हे सांगितलं. चहा चालला होता, ती टोपी डोक्याच्या वर लटकत होती. म्हणाले, "एक डॉलर म्हंजे किती?" मी म्हटलं ऐंशी-नव्वद रुपये धरा. वर्षाला. त्यांनी बशीतला चहा फुंकला, थोडा वेळ हिशोब केल्यासारखं केलं आणि मामीकडे बघून म्हणाले,

"मला तर खुर्चीचा पाय मोडला त्याचंबी न्हाय दिलं कुणी."